दोन सेलच्या बॅटरीत एलईडीचा बल्ब

दोन सेलची पितळी बॅटरी म्हणजे एक नळी, पुढे चकचकीत वाटी आणि काच, मागे स्प्रिंगचे टोपण आणि अंगावर सरकते बटण. तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. वीस-पंचवीस वर्षे वापरलेल्या बॅटरीचीही नळी, वाटी आणि बटण बहुधा शाबूत असतात. अपुरा पडतो तो तिचा बल्ब. तेवढाच काढून त्या जागी एलईडीचा स्वस्त बल्ब बसवला, तर त्याच सेलवर तिचा उजेड तिप्पट-चौपट होतो आणि सेलही जास्त रात्री पुरतात. काम दहा मिनिटांचे आहे, पण बल्ब निवडताना सेलचा हिशेब चुकला तर नवा बल्ब जुन्यापेक्षाही मंद जळतो किंवा आठवडाभरात निकामी होतो.

बार्शी तालुक्यात या कामाला महत्त्व आहे ते रब्बीमुळे. ज्वारी, हरभरा, कांदा, शिवाय द्राक्षबागा आणि ऊस यांना थंडीत पाणी द्यावे लागते, आणि शेतीपंपांना तीन फेजची वीज वर्षानुवर्षे पाळीने मिळत आली आहे: दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर फीडरची कामे राज्यभर सुरू आहेत. पण जिथे रात्रपाळी आहे, तिथे वीज आली की माणसाला उठून विहिरीवर जावेच लागते. पंप ऑटोवर सुरू होईल, पण वाफा भरला की दारे मोडून पाणी पुढच्या वाफ्यात घालायला माणूसच लागतो. हातात खोरे, पायाखाली ओला बांध आणि बॅटरी काखेत, नाहीतर दोरीने गळ्यात. या वेळी उजेड पडायला हवा तो पावलांपुढच्या दहा-पंधरा फुटांत. घोणस, मण्यार आणि फुरसे हे तिन्ही विषारी साप मुख्यतः रात्री हिंडतात. वाळलेल्या पाल्यात पडून राहिलेली घोणस पिवळ्या, मिणमिणत्या उजेडात पाल्याच्याच रंगाची दिसते. पांढऱ्या उजेडात मात्र तिच्या पाठीवरची गडद वर्तुळे वेगळी उठून दिसतात. चांगल्या बॅटरीचे मोल रात्री दारे धरणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

साध्या बल्बमध्ये टंगस्टनची बारीक तार तापून प्रकाश देते. दोन सेलच्या बॅटरीसाठी जगभर प्रमाण मानलेला पीआर-२ हा बल्ब २.३८ व्होल्टवर अर्धा अँपिअर वीज घेतो, म्हणजे सुमारे १.२ वॅट, आणि प्रकाश देतो जेमतेम १० ल्युमेन. बाकीची बहुतेक सगळी वीज उष्णतेत जाते. या बल्बचे नेमून दिलेले आयुष्य १५ तासांचे आहे. नव्या दोन सेलचे व्होल्ट ३ भरतात, तरी बल्ब त्याहून कमी व्होल्टचा का, याचे कारण सेलमध्येच आहे: अर्धा अँपिअर ओढताच सेलच्या आतल्या रोधामुळे व्होल्ट खाली बसतात. सेल जसे उतरतात तशी तार लाल होत जाते, आणि प्रकाश विजेपेक्षा कितीतरी वेगाने घटतो. पिवळ्याचा तांबडा झालेला तो उजेड रात्री शेतात गेलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे.

एलईडीत तार नाही. त्याच्यात मोहरीएवढा अर्धवाहक तुकडा असतो. त्यातून निघालेला निळा प्रकाश वरच्या पिवळ्या लेपातून जाताना पांढरा होतो. हा निळा एलईडीच अनेक वर्षे जमत नव्हता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांच्या प्रयत्नांतून तो साधला. त्यासाठी तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यानंतर किमती किती वेगाने कोसळल्या हे भारतात घरगुती बल्बांवरून दिसते: उजाला योजनेसाठी सरकारी कंपनीने २०१४ मध्ये ३१० रुपयांना घेतलेला एलईडी बल्ब पुढच्या दोन-तीन वर्षांत ३८ रुपयांवर आला. बॅटरीत बसणारा छोटा एलईडी बल्ब स्वस्त झाला तोही याच लाटेत.

आता सेलचा हिशेब. पांढऱ्या एलईडीला नीट जळायला सुमारे ३ ते ३.४ व्होल्ट लागतात. दोन नवे सेल कसेबसे तीनला टेकतात आणि वापर सुरू होताच खाली येतात. एलईडीच्या बाबतीत दोन-तीन दशांश व्होल्टची घटही मोठी असते, कारण त्याच्यातला प्रवाह व्होल्टच्या प्रमाणात हळूहळू उतरत नाही, एकदम गळतो. म्हणून दोन सेलच्या बॅटरीत नुसता एलईडी बसवून भागत नाही; बल्बच्या बुडात व्होल्ट वाढवणारे छोटे सर्किट असावे लागते. असा बल्ब बाहेरून ओळखता येत नाही. त्यावर किंवा पाकिटावर छापलेले व्होल्ट वाचावे लागतात. ‘३ व्होल्ट’ किंवा ३ पासून सुरू होणारा पल्ला छापलेला असेल तर तो दोन सेलसाठी, ४.५ चा बल्ब तीन सेलसाठी. पाकिटावर काहीच छापलेले नसेल, तर अर्धे वापरलेले दोन सेल टाकून दुकानातच लावून पाहणे उत्तम. नव्या सेलवर सगळेच बल्ब छान दिसतात. बल्बची खरी पारख उतरत्या सेलवर होते.

यातला फायदा आकड्यांत मांडता येतो. अर्ध्या वॅटचा एलईडी घेतला आणि वॅटमागे ८० ल्युमेन धरले, तर ४० ल्युमेन प्रकाश मिळतो, म्हणजे पीआर-२ च्या चौपट. व्होल्ट वाढवताना थोडी वीज वाया जाते ती धरूनही सेलमधून ओढला जाणारा प्रवाह पाव अँपिअरच्या आत राहतो. प्रवाह निम्म्याहून कमी झाला की साधे जस्त-कार्बन सेल दुपटीपेक्षाही जास्त वेळ चालतात, कारण असे सेल जोराने ओढले तर आपली पूर्ण क्षमता देतच नाहीत.

व्होल्टनंतर बल्बचे बूड पाहायचे. भारतात दोन तऱ्हा चालतात: एक आट्यांचे बूड, व्यास १० मिलिमीटर; दुसरे गुळगुळीत बुडाचे, ज्याला वरच्या बाजूला पत्र्याची कड असते आणि जे नुसते खोबणीत बसते. जुना बल्ब सोबत नेला तर चूक होत नाही.

बसवण्याआधी बॅटरी साफ करणे हे निम्मे काम आहे आणि बहुतेक जण तेच टाळतात. जुन्या पितळी बॅटरीचे मागचे टोपण उघडले की स्प्रिंगच्या बुडाशी आणि नळीच्या आट्यांत हिरवट कळंक दिसतो. बटणाची पट्टी जिथे घासते तिथे काळी पुटे असतात. या पुटांचा रोध एक ओहम जरी धरला, तरी अर्ध्या अँपिअरला अर्धा व्होल्ट तिथेच संपतो. तीन व्होल्टच्या बॅटरीत हे नुकसान फार मोठे आहे. बारीक पॉलिश पेपरने स्प्रिंगचे टोक, टोपणाची कड, नळीचे आटे आणि पट्टी पितळ चमकेपर्यंत घासावी, मग कोरड्या फडक्याने भुकटी पुसून काढावी. बटण आठ-दहा वेळा पुढे-मागे सरकवले की त्याची आतली जागा घासून साफ होते. वाटीला मात्र पॉलिश पेपर कधीच लावू नये. तिच्यावरचा चकाकीचा थर इतका पातळ असतो की धुळकट फडक्यानेही त्यावर ओरखडे उठतात. फुंकर मारून धूळ उडवावी आणि फारच डाग असतील तर ओल्या कापसाने अलगद टिपावे.

मग पुढचे डोके फिरवून उघडायचे, जुना बल्ब काढून नवा बसवायचा आणि सेल घालायचे. इथे एक फरक लक्षात ठेवावा लागतो. तारेच्या बल्बला सेलची दिशा कळत नाही, एलईडीला कळते. बहुतेक एलईडी बल्बांत बुडाचे मधले टोक धन असते आणि सेलची टोपी पुढे ठेवली की ते जुळते. बल्ब लागला नाही तर तो खराब आहे असे लगेच मानू नये. सेल उलटे घालून पाहावेत. दोन सेलच्या तीन व्होल्टने उलट्या दिशेत साधा एलईडी खराब होत नाही. चांगल्या बल्बांत दोन्ही दिशांना चालणारी जोडणी आतच केलेली असते.

बॅटरी लागली की ती भिंतीवर पाच-सहा फुटांवरून धरून उजेडाचा आकार पाहायचा. तारेच्या बल्बचा प्रकाश सगळीकडे पसरतो आणि तार वाटीच्या बरोबर नाभीवर असल्याने वाटी त्याचा घट्ट झोत करते. एलईडी फक्त पुढच्या बाजूला प्रकाश टाकतो, त्यामुळे वाटीला त्यातला थोडाच भाग मिळतो. परिणामी मधला ठिपका लहान आणि भोवती रुंद, एकसारखा उजेड. बल्ब जास्त खाली बसला असेल, तर मध्ये काळे भोक आणि भोवती कडे दिसते. कडेच्या बुडाचा बल्ब असेल तर कडेखाली पातळ वॉशर घालून तो थोडा वर उचलता येतो. त्याने काळे भोक बहुधा मिटते. आट्यांचा बल्ब अर्धा आटा मागे फिरवून पाहावा. डोके फिरवून फोकस जुळवता येणाऱ्या बॅटरीत हे काम आणखी सोपे.

लांबच्या झोताच्या बाबतीत असा बदल कमी पडतो, हे मान्य करायला हवे. २०२४ च्या डिसेंबरात टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला वाघ बार्शीलगतच्या येडशीच्या अभयारण्यात कॅमेऱ्यात दिसला आणि पांगरीच्या बाजूच्या वस्त्यांवर रात्री बांधापलीकडे नजर टाकण्याची गरज नव्याने जाणवली. त्या कामाला मोठ्या वाटीची, झोताची वेगळी बॅटरीच हवी. दारे धरायला मात्र एलईडीचा पसरट उजेड झोतापेक्षा उपयोगी. झोतात फक्त एक ठिपका दिसतो आणि बाजूचा बांध अंधारात राहतो. पसरट उजेडात वाफा, पाट आणि दोन्ही पावले एकाच वेळी दिसतात.

तीन सेलच्या बॅटरीला तयार बल्ब मिळाला नाही, तर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या टेबलावर तो सहज बनतो. फुटलेल्या जुन्या बल्बचे बूड घेऊन त्यात अर्ध्या वॅटचा एलईडी आणि १० ओहमचा रोध एकामागे एक डाख लावून जोडायचे. तीन नव्या सेलचे ४.५ व्होल्ट, त्यातून एलईडीचे ३.२ वजा केले की रोधावर १.३ उरतात, दहाने भागले की १३० मिलिअँपिअर, म्हणजे १५० मिलिअँपिअर सोसणाऱ्या एलईडीसाठी योग्य. रोध मुळीच न घालता जोडला, तर पहिल्या रात्री उजेड डोळे दिपवतो, पण आतला तुकडा तापून दिवसेंदिवस निळसर आणि मंद होत जातो. एलईडीची उष्णता मागच्या बाजूने निघते, म्हणून पितळी नळी इथे प्लास्टिकपेक्षा सरस: पितळ ती उष्णता ओढून घेते.

बाजारात चार्जिंगच्या बॅटऱ्या भरपूर आहेत आणि त्यांचा उजेडही जास्त असतो. पण ज्यांच्या आत ४ व्होल्टचा लेड-अ‍ॅसिड संच असतो, त्या पावसाळाभर चार्ज न करता पडून राहिल्या की बहुधा कायमच्या निकामी होतात. सेलची बॅटरी सहा महिन्यांनीही, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून सेल आणले की, लागते.

फक्त तिच्यात संपलेले सेल ठेवून देऊ नयेत. एलईडी बल्बमुळे सेल गळण्याचा धोका थोडा वाढतो, कारण व्होल्ट वाढवणारे सर्किट सेलमधला शेवटचा अंशही शोषून घेते आणि उजेड मंद होण्याची जुनी खूण उशिरा मिळते. जस्त-कार्बन सेलमध्ये जस्ताचे डबडे हेच सेलचे कवच असते. वीज देताना तेच झिजते आणि शेवटी त्याला भोक पडून आतला द्राव नळीत पाझरतो. सेल फुगून नळीत अडकले तर ठोकून काढण्याऐवजी दोन्ही टोपणे उघडून लाकडी काडीने मागून ढकलावेत. साध्या सेलचा द्राव आम्ल असतो, म्हणून नळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावी. अल्कलाईन सेल गळला असेल तर लिंबाच्या रसाने. दोन्ही वेळा नंतर स्वच्छ पाण्याचे फडके फिरवून नळी उन्हात पूर्ण वाळवावी, आणि कामाचा हंगाम संपला की सेल काढून वेगळे ठेवावेत.