ऑनलाइन अध्यापन : पाठ्यक्रमाची सिद्धता

महाविद्यालयीन पाठ्यक्रम आंतरजालाद्वारे शिकविता यावा, यासाठी केलेली त्याची पुनर्रचना. वर्गातील व्याख्याने जशीच्या तशी चित्रमुद्रित करून हे कार्य साधत नाही. वर्गात विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावरील संभ्रम पाहून अध्यापक विवेचनाचा ओघ बदलतो. मुद्रित पाठात ही सोय नसल्याने संभाव्य शंकांचा विचार आधीच करावा लागतो.

या पद्धतीची पूर्वपीठिका पत्रद्वारा शिक्षणात आढळते. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा पाठ्यक्रम सुरू केला. नाशिक येथे १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले व स्वयंअध्ययन साहित्याची परंपरा महाराष्ट्रात रुजली [→ मुक्त विद्यापीठ]. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या केंद्र शासनाच्या उपक्रमात चित्रफीत, वाचनसाहित्य, चर्चा व स्वयंमूल्यमापन अशी पाठाची चार अंगे मानली आहेत. मार्च २०२० मध्ये कोविड-१९ मुळे महाविद्यालये बंद झाली, तेव्हा मात्र बहुतेक अध्यापकांना पूर्वतयारीविनाच ऑनलाइन अध्यापनाकडे वळावे लागले.

अशा सिद्धतेतील अडचणी पालघर जिल्ह्यातील (स्थापना २०१४) जव्हार व मोखाडा या आदिवासीबहुल तालुक्यांत विशेषत्वाने जाणवतात. प्रदेश डोंगराळ असून वस्ती विखुरलेल्या पाड्यांची आहे. अनेक ठिकाणी मोबाइलचे संकेत क्षीण असतात आणि पावसाळ्यात वीज खंडित होते. भातलावणीच्या दिवसांत घरातील सर्वांचे हात शेतात लागतात. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर स्थलांतर करतात. घरची बोली वारली वा कोकणा, शाळेची भाषा मराठी आणि महाविद्यालयातील अनेक ग्रंथ इंग्रजी, अशी तिपेडी भाषास्थितीही असते.

म्हणून प्रथम प्रत्येक घटकाअखेर विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे, हे निश्चित करतात. नंतर घटकाचे दहा-पंधरा मिनिटांचे स्वयंपूर्ण पाठ पाडतात व पारिभाषिक संज्ञा मराठीत उलगडून सांगतात. माध्यमाची निवड जोडणीच्या बळावर ठरते. सेकंदाला ५०० किलोबिट वेगाची एक तासाची चित्रफीत सु. २२५ मेगाबाइट भरते. ३२ किलोबिटची तेवढीच ध्वनिफीत सु. १४ मेगाबाइटमध्ये मावते आणि टंकलिखित टिपणास त्याहूनही कमी जागा पुरते. एकदा उतरवून घेऊन जोडणीविना वापरता येईल असे साहित्य त्यामुळे अधिक उपयुक्त ठरते. ठराविक वेळेच्या थेट तासाला हजेरी सक्तीची केल्यास लावणीत वा भट्टीवर असलेला विद्यार्थी वगळला जातो. स्वाध्यायाची मुदत आठवड्याची ठेवल्यास तो टिकून राहू शकतो. स्वाध्याय तपासून त्यावरील अभिप्राय वेळेवर परत पाठविणे हाही सिद्धतेचाच भाग होय.

प्रयोगशाळेतील काम, क्षेत्रभेटी व शंकानिरसन यांसाठी प्रत्यक्ष भेटीचे दिवस राखून ठेवावे लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये प्रसृत केलेल्या मिश्र अध्ययनविषयक टिपणात पाठ्यक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकविण्याची कल्पना मांडली. तो भाग कोणता असावा, हे विषयाच्या स्वरूपाइतकेच सर्वांत दूरच्या पाड्यावरील विद्यार्थ्याच्या साधनांवर अवलंबून असते.