भाड्याचे घर आणि कराराचा कागद

नोकरी किंवा शिक्षणासाठी गावाकडचा तरुण मुंबईस जातो, तेव्हा पहिला प्रश्न उभा राहतो तो निवाऱ्याचा. परवडणारे घर शोधताना तो महिन्याचे भाडे तेवढे पाहतो. परंतु अनामत रक्कम, दलाली, विजेचे देयक आणि विरार, कल्याण किंवा पनवेलहून कामाच्या ठिकाणी जाण्यायेण्याचा खर्च व वेळ, या साऱ्यांची बेरीज म्हणजे घराची खरी किंमत होय. या बेरजेत आणखी एक बाब धरावयास हवी आणि नेमकी तीच बहुधा वगळली जाते. ती म्हणजे कराराची नोंदणी.

पार्श्वभूमी

मुंबईतील जुन्या चाळींत आजही काही कुटुंबे अत्यल्प भाड्यात राहतात. याचे मूळ १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात आहे. त्या कायद्याने प्रमाण भाडे ठरविण्यासाठी १ सप्टेंबर १९४० ही तारीख आधारभूत मानली. भाडेकरूंना त्यामुळे दिलासा मिळाला. परंतु भाडे गोठल्याने इमारतींच्या दुरुस्तीकडे दुर्लक्ष झाले आणि पागडीची प्रथा बळावली. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यानुसार राहत असलेल्यांना कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला. एकदा दिलेले घर परत मिळणार नाही, ही धास्ती त्यामुळे अनेक मालकांच्या मनात घर करून राहिली.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. भाडेकरू आणि परवानाधारक यांतील भेद त्याने स्पष्ट केला. आज शहरात नव्याने दिली जाणारी बहुतेक घरे ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणजे परवाना करारावर दिली जातात. अशा करारान्वये घर ठरावीक मुदतीपुरते वापरण्याची परवानगी मिळते. भाडेकरूचे हक्क मिळत नाहीत. मुदत संपल्यावर परवानाधारकाने घर सोडले नाही, तर मालकास सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि परवानाधारकावर ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट रक्कम देण्याची पाळी येते.

अकरा महिन्यांचा गैरसमज

करार अकरा महिन्यांचा असला म्हणजे नोंदणी लागत नाही, अशी समजूत सर्वत्र आढळते. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास नोंदणी सक्तीची आहे. त्यावरून ही समजूत रूढ झाली. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या अधिनियमातील कलम ५५ नुसार, मुदत कितीही असो, करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्यात कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. एवढेच नव्हे, तर नोंदणीकृत करार नसेल तेव्हा अटींविषयी घर घेणाऱ्याचे म्हणणे, अन्यथा सिद्ध न झाल्यास, ग्राह्य धरले जाते.

खर्च किती?

नोंदणी महाग पडते, हीदेखील समजूतच. समजा, घराचे भाडे दरमहा १५,००० रुपये, अनामत ६०,००० रुपये आणि मुदत ११ महिने आहे. एकूण भाडे १,६५,००० रुपये झाले. परत मिळावयाच्या अनामतीवर वार्षिक १० टक्के दराने ११ महिन्यांचे व्याज ५,५०० रुपये धरले जाते. या १,७०,५०० रुपयांवर ०.२५ टक्के दराने मुद्रांक शुल्क सुमारे ४२६ रुपये होते. महानगरपालिका क्षेत्रात नोंदणी फी १,००० रुपये आहे. हजारो रुपयांच्या अनामतीला मिळणाऱ्या संरक्षणाच्या मानाने हा खर्च अल्पच म्हणावा लागेल. आता ही नोंदणी संगणकीय पद्धतीने, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात न जाताही करता येते.

करारात काय असावे?

अनामतीची रक्कम, ती परत करण्याची मुदत, त्यातून करावयाच्या कपातीची कारणे, दुरुस्तीचा खर्च कोणी करावयाचा आणि घर सोडण्यापूर्वी किती दिवसांची सूचना द्यावयाची, या बाबी करारात स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात. घर देणारा खरोखरच त्याचा मालक आहे काय, हे मालमत्ता कराच्या पावतीवरून व गृहनिर्माण संस्थेकडून पाहून घ्यावे. अनामत रोखीने न देता धनादेशाने द्यावी आणि तिचा उल्लेख करारात करून घ्यावा.

शहरात जाणारा तरुण सल्ल्यासाठी प्रथम गावातील शिक्षकाकडे, ग्रामसेवकाकडे किंवा पंचायत सदस्याकडे येतो. ‘घर मिळाले का?’ या प्रश्नाबरोबरच ‘कराराची नोंदणी झाली का?’ हा प्रश्नही त्यांनी आवर्जून विचारला, तर अनेक कुटुंबांची कष्टाची पुंजी सुरक्षित राहील.