अंगात कणकण आणि सायकलची शर्यत

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी या भागांतील व्यापारी घरांत गेल्या काही वर्षांत एक नवी रीत रुजली आहे. दुकानाचे शटर वर जाण्यापूर्वी तीस-चाळीस किलोमीटर सायकल चालवून येणारी मंडळी आता गल्लोगल्ली दिसतात. गल्ल्यावर दिवसभर बसून राहणाऱ्या माणसाला याहून चांगला व्यायाम क्वचितच सापडेल. हळूहळू शर्यतींची व दीर्घ पल्ल्याच्या मोहिमांची गोडी लागते, प्रवेशशुल्क भरले जाते, तारीख ठरते. आणि नेमके आदल्या दिवशी नाक वाहू लागते, अंगात कणकण जाणवते. अशा वेळी निघावे की थांबावे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी त्याचा संबंध थेट हृदयाशी आहे.

पट्टीच्या खेळाडूंची उदाहरणे देऊन आपण या प्रश्नाचे उत्तर सोपे करून टाकतो. सन २०१७ च्या इटलीतील जिरो शर्यतीत २३ मे रोजी हॉलंडचा टॉम डुमुलाँ आघाडीवर असताना त्याचे पोट एकाएकी बिघडले. उम्ब्राइल घाटाच्या पायथ्याशी सायकल टाकून त्याला रस्त्याकडेला बसावे लागले. त्या दिवशी त्याने दोन मिनिटांहून अधिक वेळ गमावला, तरीही अखेरीस अवघ्या ३१ सेकंदांनी तो शर्यत जिंकला. ही कथा सायकलपटू एकमेकांना मोठ्या उत्साहाने सांगतात. मात्र १३ जुलै १९६७ ची कथा सहसा कोणी सांगत नाही. फ्रान्समधील माँ व्हेंतू पर्वताच्या चढावर इंग्लंडचा टॉम सिम्प्सन कोसळला व मरण पावला, तेव्हा तो केवळ २९ वर्षांचा होता. आधीचे काही दिवस तो पोटाच्या विकाराने हैराण होता. त्यात रणरणते ऊन होते आणि शरीरात अँफेटामिन हे उत्तेजक होते. थकव्याची जाणीव औषधाने दडपली की शरीराची सूचना मनापर्यंत पोहोचतच नाही. डुमुलाँच्या मागे संघाची मोटार होती, डॉक्टर होता. आपल्या मागे कोण असते? फार तर मालाचा ट्रक!

आजारपणात शरीरात काय घडते, ते थोडक्यात पाहू. ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण दहाने वाढतात. म्हणजे सायकलवर बसण्यापूर्वीच हृदय जादा काम करू लागलेले असते. घामावाटे व जुलाबावाटे पाणी गेले की रक्ताचे प्रमाण घटते आणि ठोके आणखी वाढतात. याहून गंभीर बाब अशी की, काही विषाणू हृदयाच्या स्नायूलाच सूज आणतात. अशा वेळी जोराचा व्यायाम केल्यास ठोक्यांची लय अकस्मात बिघडू शकते. ही सूज आल्याचे निदान झाले तर तीन ते सहा महिने स्पर्धात्मक खेळ बंद ठेवण्याचा सल्ला डॉक्टर देतात. क्रीडावैद्यकात म्हणून एक साधा ठोकताळा प्रचलित आहे. त्रास मानेच्या वर असेल, म्हणजे नाक वाहणे, शिंका, घशात किंचित खवखव एवढाच असेल, तर हलका व्यायाम चालतो. त्रास मानेच्या खाली असेल, म्हणजे छातीतला खोकला, अंगदुखी, ताप, जुलाब असेल, तर सायकलला हातही लावू नये.

प्रस्तुत लेखकाने बँकेतून निवृत्त झाल्यावर, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, दोनशे किलोमीटरच्या बीआरएमसाठी नाव नोंदवले होते. वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल की ही रूढ अर्थाने शर्यत नव्हे. येथे पहिला-दुसरा क्रमांक नसतो, पण दोनशे किलोमीटर १३ तास ३० मिनिटांत पुरे करावे लागतात. घड्याळाशी शर्यत असतेच. मार्ग कोल्हापुराहून कागल, निपाणी, संकेश्वर असा बेळगावच्या दिशेने जाऊन परत येण्याचा होता. दोन दिवस आधी सर्दी झाली. निघण्याच्या पहाटे ताप नव्हता, खोकला नव्हता. एरवी उठताच नाडीचे ठोके ५८ असत, त्या दिवशी ६३ भरले. घरी चर्चा झाली. सौभाग्यवतींचे मत स्पष्ट होते, ते येथे नमूद करण्याची गरज नाही. अखेर वहीच्या पानावर तीन अटी लिहून निघालो. गोळी घेऊन सर्दी दाबायची नाही, चढावर ठोके १४० च्या वर जाऊ द्यायचे नाहीत, आणि छातीत काही जाणवले तर जेथे असू तेथे थांबायचे.

निपाणीपर्यंत सारे सुरळीत झाले. निपाणी ओलांडली की तवंदी घाट लागतो. ज्या स्तवनिधीला आपण लहानपणापासून गाडीने जातो, तेथला चढ सायकलवरच खरा कळतो. नेहमीच्या सरावात या चढावर मनगटावरील घड्याळ १३० ते १३५ दाखवीत असे. त्या दिवशी वेग कमी असूनही १४८ दिसू लागले. उतरून पाच मिनिटे उभा राहिलो. आकडा नेहमीसारखा झपाट्याने खाली येईना. ऊन चढलेले असताना पाठीवर काटा येत होता आणि खोल श्वास घेतला की खोकला उठत होता. पाय मात्र ताजेतवाने होते, हीच खरी फसगत! सोबतचा तरुण सायकलपटू म्हणाला, “काका, घाट संपला की बरं वाटेल, हळूहळू चला.” त्याचा हेतू चांगला होता. परंतु दुसरी व तिसरी अट एकदमच मोडली होती, तेव्हा विचार करण्यासारखे काही उरले नव्हते. संयोजकांना दूरध्वनीवरून कळवले आणि निपाणीच्या एका स्नेह्यांच्या टेंपोतून सायकलीसह परत आलो. सायंकाळी ताप १०१ वर गेला.

“मग पैसे फुकट गेले म्हणायचे!” असे एका व्यापारी मित्राने म्हटले. लेखाशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हे पटत नाही. भरलेले शुल्क हा बुडीत खर्च असतो. आपण सायकल चालवली काय किंवा अंथरुणात पडून राहिलो काय, तो परत येत नाही. म्हणून पुढचा निर्णय घेताना तो हिशेबात धरायचा नसतो. पडून राहिलेल्या मालावर आणखी भाडे भरीत न बसणारे आपले लोक सायकलच्या बाबतीत मात्र हा साधा नियम विसरतात.

गोळ्यांविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. पॅरासिटामॉलने तापाचा आकडा उतरतो, पण आजार जागच्या जागी राहतो. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके शरीरातील पाणी कमी झालेले असताना घेतली तर मूत्रपिंडांना इजा पोहोचू शकते. सर्दीच्या काही गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिन ठोके व रक्तदाब वाढवते, आणि स्पर्धेच्या काळात ते लघवीत ठरावीक मर्यादेपलीकडे आढळल्यास उत्तेजक चाचणीत दोषी ठरवले जाते. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे नियमित घेणाऱ्यांनी तर अशा दिवशी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घराबाहेर पडू नये.

ताप उतरला की दुसऱ्याच दिवशी सायकल काढण्याचा मोह होतो. मी सकाळच्या नाडीची नोंद ठेवीत गेलो. ती पुन्हा ५८ वर यायला बारा दिवस लागले. त्यानंतर पहिला आठवडा रंकाळ्याभोवती सावकाश फेऱ्या मारल्या, त्याही गप्पा मारता येतील एवढ्याच वेगाने. घाटाचे नाव महिनाभर काढले नाही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. मध्येच थांबायचे ठरवल्यास संयोजकांना कळवणे हे सायकलपटूचे कर्तव्य आहे. पुष्कळ जण संकोचापोटी परस्पर घर गाठतात. इकडे शेवटच्या नाक्यावर कार्डावर शिक्का मारण्यासाठी बसलेले स्वयंसेवक अंधार पडल्यावरही त्या एका नावाची वाट पाहत, दूरध्वनी लावीत बसून राहतात.