तगर (प्राचीन नगर)

तगर हे दख्खनमधील एक प्राचीन व्यापारी नगर होय. धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर हे गाव म्हणजेच तगर, असे आता सर्वसाधारणपणे मानले जाते.

इसवी सनाच्या १ल्या शतकातील ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस १० दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर असल्याचे म्हटले आहे. तेथील जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे. २ऱ्या शतकातील टॉलेमीच्या भूगोलातही हे नाव येते. तगर हे एका सुगंधी वनस्पतीचेही संस्कृत नाव आहे. मात्र तेवढ्यावरून नगराच्या नावाची व्युत्पत्ती ठरवता येत नाही.

== स्थाननिश्चिती ==
हे नगर नेमके कोठे होते, यावर १९व्या शतकात बराच वाद झाला. देवगिरी आणि जुन्नर ही स्थळे सुचवली गेली, रा. गो. भांडारकर यांनी धारूरचा पर्याय मांडला. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तेरच्या बाजूने लेख लिहिला. तेर पैठणपासून सरळ रेषेत सुमारे १५० किलोमीटरवर, पण आग्नेयेस आहे. त्यामुळे ग्रीक ग्रंथातील ‘पूर्वेस’ हा शब्द सैलपणे घ्यावा लागतो. भाषेचा पुरावा अधिक बोलका आहे. प्राकृतात दोन स्वरांमधील ‘ग’ लोप पावतो. ‘नगर’चे ‘नयर’ आणि पुढे संगमनेर, पारनेर यांतील ‘नेर’ झाले, तसेच ‘तगर’चे ‘तयर’ व ‘तेर’ झाले. पुढे उत्खननांतून सातवाहनकालीन वस्तीचे विपुल अवशेष मिळाले. येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीप्रतिमेचे इटलीतील पाँपेई येथील प्रतिमेशी साम्य आहे. पाँपेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, त्यामुळे हे साम्य काळाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरते. तेरमधील पुरावस्तूंचा मोठा संग्रह रामलिंगप्पा लामतुरे यांनी केला. गावातील वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावाने आहे.

== आख्यायिका व परंपरा ==
शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करीत असतानाही ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद मिरवीत. गरुडाला स्वतःचा देह देऊ करणारा विद्याधर जीमूतवाहन हा ते आपला पूर्वज मानीत. ‘करकंडचरिउ’ या कनकामरकृत अपभ्रंश जैन काव्यात तेरापूर व त्याजवळील लेणी यांची कथा येते आणि तिचाही संबंध विद्याधरांशी जोडलेला आहे. ही लेणी म्हणजे धाराशिव शहराजवळची लेणी होत, असे मानले जाते. राजवंशाची कुळकथा आणि जैन काव्य यांचा असा मेळ योगायोगाने बसला असेल, असे वाटत नाही.

गावातील विटांचे त्रिविक्रम मंदिर आज वैष्णवांचे असले, तरी त्याच्या गजपृष्ठाकार रचनेवरून ते मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. स्थानिक परंपरा गावाला सत्यपुरी म्हणते. वारकऱ्यांना मात्र तगर वा सत्यपुरी यांपेक्षा ‘गोरोबाकाकांचे तेर’ हीच ओळख जवळची आहे. संत गोरा कुंभार (परंपरेनुसार १२६७–१३१७) येथलेच. संतांच्या डोक्यावर थापटणे मारून कच्चे मडके कोणते, हे त्यांनी पारखल्याची कथा येथेच घडली असे सांगतात.