एका कुपीत दोन औषधे

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात प्रवेशपरीक्षांची तयारी करून घेणारे शिकवणीवर्ग जागोजागी आहेत. द्रावणाच्या संहतीचे गणित, म्हणजे दर मिलिलिटरमध्ये पदार्थ किती हे काढण्याची रीत, तेथील विद्यार्थ्यांच्या रोजच्या अभ्यासातली. हेच गणित इन्सुलीन घेणाऱ्या मधुमेही माणसाच्या घरीही करावे लागते. परीक्षेत उत्तर चुकले तर गुण जातात. घरी चुकले तर माणूस बेशुद्ध पडू शकतो.

इन्सुलीन हे ५१ अमिनो आम्लांचे पेप्टाइड होय. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी ते स्वादुपिंडातून मिळविले. इन्सुलीन द्रवरूपात मिळते. परंतु पेप्टाइड जातीची पुष्कळ औषधे पाण्यात फार काळ टिकत नाहीत. ती गोठवून सुकवितात, भुकटीच्या रूपात कुपीत भरतात आणि ऐनवेळी निर्जंतुक द्रवात विरघळवितात. रक्तातील साखर फार उतरली असता टोचावयाचे ग्लुकागॉन अशा रूपातही मिळते: १ मिलिग्रॅम भुकटी, १ मिलिलिटर द्रव.

आता एका कुपीत ५ मिलिग्रॅम औषध २ मिलिलिटर पाण्यात विरघळविले, तर त्याची संहती २.५ झाली. दुसऱ्या कुपीत १० मिलिग्रॅम औषध तेवढ्याच पाण्यात घातले, तर ती ५ झाली. दोन्ही द्रावणे एकत्र ओतली की एकूण द्रव ४ मिलिलिटर होतो. औषध कोणतेच घटलेले नाही. परंतु प्रत्येकाला पसरावयास दुप्पट जागा मिळाली. म्हणून पहिल्याची संहती १.२५ आणि दुसऱ्याची २.५ एवढीच उरते. पूर्वीचीच मात्रा हवी असेल तर द्रव दुप्पट घ्यावा लागेल. संहतींची बेरीज किंवा सरासरी करू नये. प्रत्येक औषधाचे मिलिग्रॅम एकूण मिलिलिटरांनी निरनिराळे भागावेत, एवढाच नियम.

कारखान्यात तयार होणाऱ्या ३०/७० मिश्रणात हाच हिशेब आहे. भारतात प्रचलित असलेल्या ४० युनिटांच्या कुपीत दर मिलिलिटरला १२ युनिटे जलद काम करणाऱ्या इन्सुलिनाची व २८ युनिटे संथ काम करणाऱ्याची असतात. २० युनिटे टोचली म्हणजे शरीरात पहिल्याची ६ व दुसऱ्याची १४ गेली.

येथे एक धोका आहे. इन्सुलीन दर मिलिलिटरला १०० युनिटांचेही मिळते, आणि दोन्हींच्या पिचकाऱ्या वेगळ्या असतात. ४० युनिटांच्या पिचकारीवरील ४० वी रेघ म्हणजे १ मिलिलिटर. त्या रेघेपर्यंत १०० युनिटांचे इन्सुलीन ओढले, तर मात्रा अडीचपट जाते. पिचकारीवरच्या रेघा द्रवाचे आकारमान दाखवितात. त्या द्रवात औषध किती, हे कुपीवरच्या चिठ्ठीवरून कळते.

गणित बरोबर आले तरी मिश्रण योग्य ठरेलच असे नाही. संथ इन्सुलिनात प्रोटामीन नावाचे प्रथिन असते. ते जलद इन्सुलिनाच्या कुपीत शिरले, तर त्यालाही बांधून संथ करू शकते. म्हणून एकाच पिचकारीत दोन्ही घ्यावयाची असल्यास स्वच्छ दिसणारे जलद इन्सुलीन आधी व गढूळ दिसणारे संथ मागून ओढण्याची पद्धत आहे. ग्लार्जीन नावाचे दीर्घकाळ काम करणारे इन्सुलीन आम्लधर्मी द्रावणातच विरघळलेले राहते. उदासीन द्रवाशी गाठ पडली की त्याचा साका बनतो. म्हणून ते दुसऱ्या कोणत्याही इन्सुलिनात मिसळावयाचे नसते. हिशेबाच्या कागदावर दोघांची युनिटे बिनचूक दिसतील. पण कुपीतील औषध मात्र पूर्वीचे राहिलेले नसेल.

शिवाय कुपीचे बूच सुईने जितक्या वेळा टोचावे तितकी जंतू आत शिरण्याची संधी वाढते, आणि मिश्रण बिघडले तर दोन्ही औषधे एकदमच वाया जातात. म्हणून कुपी घरी एकत्र करू नयेत. कोणते औषध कशाशी मिसळते हे डॉक्टरांना अथवा औषधविक्रेत्याला विचारावे; आणि प्रत्येक नवी कुपी उघडताना तिच्यावरील युनिटांचा आकडा पिचकारीवरील आकड्याशी ताडून पाहावा. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही.