लाखाची पाटी

अ‍ॅनिमेशन, गेम डिझाइन किंवा इलस्ट्रेशनच्या कोर्सला प्रवेश झाला की घरात पुढचा विषय निघतो तो टॅब्लेटचा. मुलीला हवा असतो बॅगेत घालून कुठेही नेता येणारा, थेट स्क्रीनवर चित्र काढू देणारा. पेन आणि कव्हर धरून बिल लाखाच्या पुढे सरकतं. त्याच दुकानात साडेतीन-चार हजारांना एक काळी, बिनस्क्रीनची पाटी मिळते. ती कॉम्प्युटरला जोडायची आणि समोरच्या मॉनिटरवर बघत चित्र काढायचं. गंमत म्हणजे पेनाच्या दाबाच्या पातळ्यांचा जो आकडा खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापतात, तो काही वेळा या स्वस्त पाटीचाच मोठा असतो. वरचे लाखभर रुपये मग कशाचे?

रेषेचे नव्हेत, हे आधीच सांगून टाकतो.

एक काळ असा होता की सगळे पैसे रेषेचेच होते. १९६३ साली एमआयटीमध्ये आयव्हन सदरलंड यांनी ‘स्केचपॅड’ हा प्रोग्रॅम सादर केला. पडद्याला प्रकाशपेन टेकवून त्यात आकृत्या काढता येत. पण हात अधांतरी धरून काम करायचं म्हणजे थोड्या वेळात खांदा भरून येणार. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या रँड कॉर्पोरेशनने टेबलावर आडवी ठेवायची पाटी आणली. दहा इंच लांब, दहा इंच रुंद, पृष्ठभागाखाली बारीक तारांची जाळी. दहा लाख बिंदूंपैकी पेन नेमकं कोणत्या बिंदूवर आहे ते तिला कळत असे. पेनाला वायर होती, दाबाची बारीक जाणीव नव्हती, आणि किंमत होती सुमारे १८ हजार डॉलर. तेवढ्यात तेव्हा अमेरिकेत पाच-सहा मोटारी दारात उभ्या राहिल्या असत्या.

आज चित्रकारांच्या बहुतेक टॅब्लेटमध्ये जे तंत्र आहे, ते रुजवलं १९८३ साली जपानमध्ये सुरू झालेल्या वॅकॉम या कंपनीने. पेनाला ना वायर, ना बॅटरी. पाटीच्या पोटात तांब्याच्या वेटोळ्यांची जाळी असते. ही जाळी क्षणभर वेगाने बदलणारं चुंबकीय क्षेत्र सोडते आणि दुसऱ्या क्षणी गप्प राहून ऐकते. पेनात एक छोटं वेटोळं आणि एक कपॅसिटर असतो, आणि ही जोडी एका ठरावीक वारंवारितेलाच झंकारते. सतारीची मुख्य तार छेडली की खालच्या तरफांपैकी त्या सुराची तार कोणी हात न लावता बोलू लागते, तसं. पाटी गप्प झाल्यावरही पेन क्षणभर झंकारत राहतं. तो झंकार कोणत्या वेटोळ्यात किती जोरात ऐकू आला, यावरून पेनाची जागा ठरते. टोकावर दाब पडला की पेनातली जोडणी किंचित बदलते आणि सूर जरासा सरकतो. हे सरकणं मोजलं की दाब कळतो. पेन तिरकं धरलं की झंकार एका अंगाला जास्त पसरतो, त्यावरून कल समजतो. हे सगळं सेकंदाला शे-दोनशे वेळा चालतं.

पेटंटला साधारण वीस वर्षांचं आयुष्य असतं. वॅकॉमची मूळ पेटंटं संपत गेली तशा ह्युऑन, एक्सपी-पेन अशा चिनी कंपन्यांनी बिनबॅटरीची पेनं बाजारात ओतली. सॅमसंगच्या एस-पेनमागेही वॅकॉमचंच तंत्र आहे, आणि काही मधल्या किमतीच्या सॅमसंग टॅब्लेटच्या खोक्यात ते पेन आधीपासूनच असतं. अ‍ॅपलची पेन्सिल मात्र वेगळ्या वाटेने जाते. तिच्यात बॅटरी असते, टोकातून ती विद्युत संकेत सोडते आणि बोटांचा स्पर्श ओळखणारी काचच तो संकेत पकडते. वाटा दोन, पण दोन्हीकडे रेष ओळखण्याचं काम आता सुटलेलं आहे. रँडच्या काळात सर्वांत महाग असलेला भाग आज सर्वांत स्वस्त झाला आहे.

आता खोक्यावरचा आकडा. आधी २५६ पातळ्या होत्या, मग ५१२, १०२४, २०४८ करत आता ८१९२ आणि १६३८४. हे सगळे दोनचे घात आहेत. आकडा दुप्पट करायला मोजणीत फक्त एक बिट वाढवावा लागतो. त्याने पेन सुधारलंच पाहिजे असं काही नाही. आपल्या बोटांना यातलं किती कळतं? जर्मन शरीरशास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवलं होतं की वजनातला फरक माणसाला ग्रॅममध्ये कळत नाही, प्रमाणात कळतो. बोटांनी लावलेल्या जोराबाबत नंतरच्या प्रयोगांत हे प्रमाण साधारण सात ते दहा टक्के निघालं. पेनावर आपण एक ग्रॅमपासून पाचशे ग्रॅमपर्यंत दाब देतो असं धरा. दर पायरीला दहा टक्के वाढवत गेलं तर एकापासून पाचशेपर्यंत पोचायला ६५ पायऱ्या लागतात. सात टक्क्यांनी गेलं तर नव्वदच्या जरा वर. म्हणजे हाताला वेगळ्या जाणवतील अशा पातळ्या शंभराच्या आत!

मग हजारोंचे आकडे निव्वळ थापा का? अगदी तसंही नाही. हात प्रमाणात मोजतो, पण यंत्र सारख्या मापाच्या पायऱ्यांनी मोजतं. पाच ग्रॅमच्या हलक्या स्पर्शाला दहा टक्के म्हणजे अर्धा ग्रॅम. पाचशे ग्रॅमचा सगळा पल्ला अर्ध्या-अर्ध्या ग्रॅमने कापायचा तर हजार पायऱ्या लागतात. त्याहून हलक्या, केसासारख्या रेषांसाठी दोन-चार हजार असलेल्या बऱ्या. त्यापुढचे आकडे जाहिरात खात्याचे समजावेत.

खोक्यावर सहसा ठळक न छापलेला एक आकडा मात्र कामाचा आहे. रेष उमटायला सुरुवात व्हावी म्हणून किमान किती दाब लागतो? चांगल्या पेनांत तो एक ग्रॅमच्या आसपास असतो, साध्या पेनांत तीन ग्रॅम किंवा त्याहून जास्त. पापण्या, भुरभुरणारी बट, कपड्याची नाजूक चुणी काढताना हात अगदी हलका असतो. पेन जड कानाचं असेल तर रेष उशिरा सुरू होते आणि होते तीच जाडी घेऊन. हा फरक पैसे मोजून मिळतो, पण त्याला लाख लागत नाहीत.

महागड्या टॅब्लेटमधले पैसे खरे दिसतात ते वेळेत. झपकन रेष ओढताना हात सेकंदाला तीस सेंटिमीटर सहज जातो. स्क्रीनवर रेष ५० मिलिसेकंद उशिरा आली तर ती पेनाच्या टोकामागे दीड सेंटिमीटर फरपटत येते. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागाने २०१२ साली एका प्रात्यक्षिकात १०० मिलिसेकंदांपासून १ मिलिसेकंदापर्यंतचा उशीर दाखवला होता. तो पाहिल्यावर कळतं की आपण ‘चालतंय की’ म्हणून किती सोसत असतो. सेकंदाला साठ वेळा ताजा होणारा स्क्रीन एका चित्राला जवळपास १७ मिलिसेकंद घेतो, १२० वेळा होणारा ८. अ‍ॅपलने २०१९ मध्ये पेन्सिलचा उशीर २० वरून ९ मिलिसेकंदांवर आणल्याचं जाहीर केलं. त्यात भाकिताचाही वाटा आहे. पेन पुढे कुठे जाईल याचा अंदाज घेऊन सॉफ्टवेअर रेष आधीच ओढून ठेवतं आणि चुकलं तर गुपचूप पुसून दुरुस्त करतं. बिनस्क्रीनच्या पाटीलाही उशीर असतोच. पण तिथे पेनाचं टोक आणि रेष एका नजरेत दिसत नाहीत, म्हणून तो खुपत कमी.

स्क्रीनवर काढण्याचं मोल कोणी नाकारणार नाही. जिथे हात तिथे डोळा, ही लहानपणापासूनची सवय. पाटी टेबलावर आणि चित्र मॉनिटरवर, हे पहिल्या दिवशी असह्य वाटतं. इथे मेंदूवर जरा विश्वास ठेवावा. १८९० च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज स्ट्रॅटन यांनी जग उलटं दाखवणारी भिंगं डोळ्यावर बांधून दिवस काढले. सुरुवातीला साध्या वस्तूला हात घालणंही कठीण गेलं. आठवडाभरात हालचाली बऱ्याच सहज होऊ लागल्या. डोळा आणि हात यांच्यातला नकाशा मेंदू नव्याने आखू शकतो, आणि पाटीच्या बाबतीत तर जग उलटंही करायचं नसतं. फक्त थोडं सरकवायचं असतं. माउस वापरताना आपण दुसरं काय करतो? सरावलेले कित्येक व्यावसायिक चित्रकार मुद्दाम बिनस्क्रीनची पाटीच पसंत करतात. हाताने चित्र झाकलं जात नाही आणि मान वर राहते. लाखाच्या टॅब्लेटवर वाकून आठ तास काम करणाऱ्याच्या मानेचं काय होतं, हे खोक्यावर कुठेच छापलेलं नसतं.

राहिला ‘कुठेही नेता येणारा’ हा मुद्दा. इथे भौतिकशास्त्र जरा निष्ठुर आहे. भर दुपारी मोकळ्यावर उजेड एक लाख लक्सच्या घरात असतो. पांढरा कागद त्यातला ऐंशी टक्के परत पाठवतो. तो सगळ्या दिशांना विखुरतो, म्हणून कागदाची उजळता साधारण २५ हजार निट (उजळता मोजायचं एकक) भरते. सामान्य टॅब्लेटचा स्क्रीन ३०० ते ५०० निट देतो, २०२४ चा आयपॅड प्रो १०००. झाडाच्या सावलीत उजेड दहा हजार लक्सवर आला असं धरलं तरी कागद अडीच हजारांवर आहेच. शिवाय काचेत आभाळ दिसतं ते वेगळं. नाशिकच्या गोदाघाटावर किंवा वाईजवळ मेणवलीच्या घाटावर बसणारे जलरंगवाले अजून कागदच घेऊन बसतात, ते काही जुन्या वळणाचे म्हणून नव्हे. उघड्यावर ऊन जितकं कडक तितका कागद उजळतो आणि स्क्रीन मंदावतो.

अंधारात हाच हिशेब उलटतो. चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिडलिंग्टनच्या घरी, अंथरुणात पडल्या-पडल्या, दिवा न लावता आयफोनवर सूर्योदय रंगवले. कागदावर हे जमलं नसतं, कारण कागद दिसायला दिवा लावावा लागला असता आणि दिवा लावला की पहाट गेली. पुढे २०११ मध्ये त्यांनी वोल्डगेटच्या रस्त्यावर वसंत कसा येतो ते आयपॅडवर टिपलं. ती चित्रं मोठ्या आकारात छापून २०१२ साली लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीत लावली गेली. त्या आयपॅडच्या काचेला दाब कळत नव्हता. शून्य पातळ्या! हॉकनी होते म्हणून जमलं, हे खरं. पण खोक्यावरचे आकडे वाचताना हे उदाहरण हाताशी असलेलं बरं.

नेण्याजोगे टॅब्लेट तीन जातींचे. पहिली जात नुसत्या स्क्रीनची. २०२४ चा वॅकॉमचा मूव्हिंक १३ फक्त ४२० ग्रॅमचा आहे, पण त्याला कॉम्प्युटर किंवा चालेल असा फोन जोडावाच लागतो. पाठीवरच्या ओझ्यात लॅपटॉप आलाच. दुसरी जात आयपॅड आणि गॅलेक्सी टॅबची. त्यातल्या आयपॅडवर ‘प्रोक्रिएट’ हे एकदाच पैसे देऊन मिळणारं अ‍ॅप चालतं. तिसरी जात म्हणजे स्क्रीनच्या पाठीला आख्खा विंडोज कॉम्प्युटर चिकटवलेली यंत्रं. वॅकॉमने २०१६ मध्ये मोबाइलस्टुडिओ प्रो या नावाने तो प्रयोग केला. ही तिसरी जात माझ्या मते सर्वांत वाईट सौदा. पेनाची जाळी दहा वर्षं सहज टिकते, प्रोसेसर चार-पाच वर्षांत धापा टाकू लागतो आणि बॅटरी रोज थोडी झिजते. सर्वांत टिकाऊ भाग सर्वांत नाशवंत भागांना बांधलेला असतो, आणि एक गेला की सगळंच जातं. आयपॅडलाही हे चुकलेलं नाही. हजार वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर बॅटरीची क्षमता ऐंशी टक्के उरावी, असा अ‍ॅपलचा हिशेब आहे. पेन्सिलीतली इवलीशी बॅटरी महिनोन्‌महिने रिकामी पडून राहिली तर कायमची बसू शकते.

कोणी घ्यावा मग? कल्याणहून रोज लोकलने येऊन-जाऊन ज्याचे दोन-तीन तास प्रवासात जातात आणि बसायला जागा मिळते, त्याने. मीटिंगमध्ये दिग्दर्शकासमोर बसून स्टोरीबोर्ड बदलावा लागतो, त्याने. घरात टेबल-खुर्ची मांडायला जागा नाही, त्यानेही. हे कारण मुंबईत मुळीच किरकोळ नाही. ज्याचं काम एका टेबलावर, एका कॉम्प्युटरशी होतं त्याने घेऊ नये. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने तर मुळीच नाही. चार हजारांची पाटी, उरलेल्या पैशांतून बरा मॉनिटर आणि वर्षभराचा कागद, हे त्याला जास्त दूर नेईल.

घ्यायचाच ठरला तर आधी पेनाचं पूर्ण नाव वाचावं. अ‍ॅपलने २०२३ मध्ये आणलेल्या स्वस्त, यूएसबी-सी पेन्सिलीला दाब अजिबात कळत नाही. नोट्ससाठी ती ठीक, चित्रासाठी फसगत. मग दुकानात पट्टी मागून घ्यावी. पट्टीच्या कडेने तिरकी रेष अगदी सावकाश ओढायची. पेनाची जागा जाळीच्या दोन तारांच्या मधे अंदाजाने काढली जाते, आणि तो अंदाज कच्चा असला की सरळ रेष लाटांसारखी डुलते. घाईत ओढलेल्या रेषेत हे लपतं, म्हणून विक्रेता नेहमी भराभर ओढून दाखवतो. त्यानंतर पेन शेपटाकडे सैल धरून नुसत्या त्याच्या वजनाने सरकवायचं. पेन सहसा दहा-वीस ग्रॅमचंच असतं. एवढ्यावरही रेष तुटक आली तर ते पेन नको. शेवटी चारही कोपऱ्यांत जाऊन एकेक ठिपका ठेवायचा, डोळा नेहमीच्या जागी ठेवून. काच आणि खालचा स्क्रीन यांच्यात फट असेल तर ठिपका टोकापासून बाजूला पडतो, आणि मधोमध नीट चालणारं पेन कडेला भरकटतं ते इथेच.