वारसाचा वाद वाचकांच्या दरबारात

१५७९ मध्ये जॉन स्टब्ज याने एक पुस्तिका छापली. एलिझाबेथ राणीने फ्रान्सच्या राजाच्या धाकट्या भावाशी लग्न करू नये, असे त्याचे म्हणणे होते. त्यापायी वेस्टमिन्स्टरमध्ये लोकांदेखत त्याचा उजवा हात तोडण्यात आला. राणीचे लग्न आणि तिच्यामागे गादी कोणाची, हे प्रजेने बोलायचे विषयच नव्हते. पुढे शंभर वर्षांनी, १६७९ मध्ये, छापखान्यांना वेसण घालणाऱ्या परवाना कायद्याची मुदत संपली आणि गादीचा वाद लंडनच्या कॉफीगृहांत पत्रकांतून खुलेआम वाचला जाऊ लागला. राजा दुसऱ्या चार्ल्सला औरस मूल नव्हते आणि धाकटा भाऊ जेम्स कॅथलिक झाला होता. त्याला वारसाहक्कातून वगळा, अशी शाफ्ट्सबरीच्या व्हिग पक्षाची मागणी होती. त्यांचे विरोधक, राजाच्या बाजूचे टोरी, यांच्या मते वारस ठरवणे ईश्वराच्या हाती, संसदेच्या नव्हे.

या लढाईत व्हिग हरले. १६८० मध्ये कॉमन्स सभागृहाने मंजूर केलेले जेम्सला वगळण्याचे विधेयक लॉर्ड्स सभागृहाने फेटाळले, १६८१ च्या मार्चमध्ये ऑक्सफर्डला भरलेली संसद राजाने आठवड्याभरात बरखास्त केली, आणि १६८५ मध्ये जेम्स गादीवर बसला. तरीही माझ्या मते खरा बदल टोरींच्याच हातून झाला. राजसत्ता आदमपासून चालत आलेली पितृसत्ता आहे, असे मांडणारा रॉबर्ट फिल्मरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी, १६८० मध्ये, त्यांनी छापून काढला. अनेक वर्षे छापखान्यांवर पहारा ठेवणारा रॉजर लेस्ट्रेंज स्वतःच ‘ऑब्झर्वेटर’ हे पत्र चालवू लागला. आणि एप्रिल १६८१ मध्ये संसद का मोडली, याची कारणे खुद्द राजाने जाहीरनाम्यात छापली आणि ती चर्चमधून वाचून दाखवायला लावली. व्हिगांनी त्यालाही छापील उत्तर दिले. ज्याचा हक्क ईश्वरदत्त, त्याने प्रजेला कारणे का द्यावीत? ती दिली, त्याच क्षणी वाचक न्यायासनावर बसला.

हा न्यायाधीश शहाणा होता, असा माझा दावा नाही. टायटस ओट्सने रचलेल्या कॅथलिक कटाच्या थापा याच पत्रकांनी घरोघरी नेल्या आणि अनेक निरपराध माणसे फासावर गेली. वादही मोकळा नव्हता: १६८३ मध्ये ऍल्जर्नन सिडनीच्या खटल्यात फिल्मरविरुद्धचे त्याचे अप्रकाशित हस्तलिखितच पुरावा म्हणून वापरले गेले आणि त्याचा शिरच्छेद झाला. मात्र लोकमताला किंमतच नसती, तर एका हस्तलिखिताचे इतके भय कोणाला वाटले असते?

यापेक्षा वजनदार आक्षेप असा, की १६८८ मध्ये जेम्सला हटवले ते त्याचा जावई, ऑरेंजचा विल्यम, याच्या डच फौजेने, कागदाने नव्हे. फौज निर्णायक होती, हे खरेच. पण आपण इंग्लंडला का येत आहोत, हे सांगणारा जाहीरनामा त्या विल्यमलाही आधी छापून पसरवावा लागला, आणि जेम्सच्या नवजात मुलाच्या जन्माविषयीच्या संशयाची चौकशी त्याने संसदेवर सोपवली. १७०१ च्या कायद्याने तर रक्ताने जवळचे पन्नासहून अधिक कॅथलिक वारस ओलांडून हॅनोव्हरच्या सोफियाकडे वारसाहक्क दिला. वीस वर्षांपूर्वी व्हिग पत्रकांनी मागितलेला अधिकार संसदेने तोवर वापरायलाही सुरुवात केली होती.